गोळी संपते, मॅगझिन उरतं

2013 च्या एप्रिलमध्ये डेन्व्हरला बंदूक कायद्यांवर एक परिसंवाद झाला. खासदार डायना डिगेट व्यासपीठावर होत्या. जास्त गोळ्यांच्या मॅगझिन्सवर बंदी आली तरी लोकांच्या घरात आधीपासून पडलेल्या मॅगझिन्सचं काय, असा विषय निघाला. डिगेट म्हणाल्या की मॅगझिन म्हणजे दारूगोळाच. ज्यांच्याकडे आहेत ते ती झाडून टाकतील, नवी मिळणार नाहीत, आणि काही वर्षांत त्यांची संख्या आपोआप घसरेल. दहापेक्षा जास्त गोळ्यांच्या मॅगझिन्सवर बंदी आणू पाहणाऱ्या विधेयकाच्या प्रतिनिधीगृहातल्या मुख्य पुरस्कर्त्या याच बाई होत्या. त्या उत्तराची चित्रफीत देशभर फिरली.

मॅगझिन म्हणजे पत्र्याची किंवा प्लॅस्टिकची लांबट पेटी. तळाशी स्प्रिंग, स्प्रिंगवर एक पट्टी, पट्टीवर एकावर एक रचलेली काडतुसं. चाप ओढला, गोळी गेली, रिकामी पुंगळी बाहेर पडली की स्प्रिंग पुढचं काडतूस वर सरकवते. सगळी संपली की पेटी काढायची, पुन्हा भरायची, पुन्हा लावायची. स्प्रिंग ढिली होईपर्यंत, म्हणजे कित्येक वर्षं, हे चालतं. डिगेटबाईंचं म्हणणं म्हणजे जेवण संपलं की डबाही संपला असं मानण्यासारखं होतं. मग त्यांच्या कार्यालयाने खुलासा केला की बाईंना 'क्लिप' म्हणायचं होतं आणि क्लिप पुन्हा वापरता येत नाही. क्लिपही पुन्हा वापरता येते. त्यामुळे बंदूकधारकांना एकाच गोष्टीवर दोनदा हसायला मिळालं.

अमेरिकेतल्या बंदूकधारकांकडे अशा विनोदांचा भरपूर साठा आहे आणि तो पिढीजात दागिन्यांसारखा मिरवला जातो. त्यातली काही रत्नं सगळ्यांना पाठ. न्यूयॉर्कच्या खासदार कॅरोलिन मॅकार्थी यांना 2007 मध्ये टकर कार्लसनने टीव्हीवर विचारलं की तुमच्या विधेयकात 'बॅरल श्राउड'वर बंदी आहे, ते असतं काय? आधी त्यांनी प्रश्न टाळायचा प्रयत्न केला. मग म्हणाल्या, ठाऊक नाही, खांद्याची, वर जाणारी कसली तरी वस्तू असावी. खरं तर ते नळीवरचं जाळीदार आवरण. नळी तापते, हात भाजू नये म्हणून. 'खांद्याची वर जाणारी वस्तू' पुढे बिल्ल्यांवर आणि टी-शर्टांवर छापली गेली.

दुसरं रत्न कॅलिफोर्नियाचं. राज्य सिनेटर केविन डी लिओन यांनी जानेवारी 2014 मध्ये पत्रकारांसमोर एक रायफल उचलून धरली आणि सांगितलं की 'तीस कॅलिबरच्या क्लिप'ने ही अर्ध्या सेकंदात तीस गोळ्या फेकते. पुढच्याच वाक्यात 'तीस मॅगझिन क्लिप' असाही शब्दप्रयोग केला. कॅलिबर म्हणजे गोळीचा व्यास. तीस कॅलिबर म्हणजे इंचाचे तीस शतांश, साडेसात मिलिमीटरच्या आसपास. त्याचा पेटीत किती गोळ्या मावतात याच्याशी संबंध नाही. आणि अर्ध्या सेकंदात तीस म्हणजे मिनिटाला 3600. सैन्याची पूर्ण स्वयंचलित एम-16 सुद्धा मिनिटाला हजाराच्या आतच राहते. 3600 चा वेग गाठायला हेलिकॉप्टरला लावलेली, विजेवर फिरणारी सहा नळ्यांची मिनिगन लागते. नागरिकाला मिळणाऱ्या अर्धस्वयंचलित रायफलीत तर दर गोळीला चाप नव्याने ओढावा लागतो. जो बायडन 2019 च्या प्रचारात 'एकाहून जास्त गोळ्या मावणारी मॅगझिन्स' बंद करायला हवीत असं बोलून गेले, तेव्हा एकच गोळी मावणारं मॅगझिन कुठे मिळतं याचा शोध सुरू झाला. त्याच वर्षी टेक्ससच्या खासदार शीला जॅक्सन ली यांनी एआर-15 हातात धरल्याचा अनुभव सांगितला: घर बदलताना उचलाव्या लागणाऱ्या दहा खोक्यांइतकी जड. तिचं वजन तीन किलोंच्या आसपास असतं.

हे सगळं वाचून हसू येतं आणि ते साहजिक आहे. माझा प्रश्न पुढचा आहे: यातली कुठली चूक भाषणात राहिली आणि कुठली कायद्याच्या कलमात उतरली? माझ्या मते विनोदाची किंमत यावरून ठरते. पण या प्रांतात दोन्हींना सारखंच हसलं जातं.

भाषणात राहणाऱ्या चुकांचा नमुना म्हणजे क्लिप आणि मॅगझिन. क्लिप ही काडतुसं एकत्र धरून ठेवणारी साधी पट्टी, तिला स्प्रिंग नसते. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी एम-1 गॅरंड रायफलीत आठ काडतुसांची क्लिप आख्खी आत बसायची आणि शेवटची गोळी सुटली की 'टिंग' आवाज करून बाहेर उडायची. आपल्याकडच्या पोलिसांच्या जुन्या थ्री-नॉट-थ्रीचं मॅगझिन दहा गोळ्यांचं. ते पाच-पाचच्या दोन पट्ट्यांनी वरून भरायचं. फरक खरा आहे. पण युद्धावरून परतलेले कितीतरी अमेरिकी जवान आयुष्यभर दोन्हींना क्लिपच म्हणत राहिले आणि त्यांची कोणी टिंगल केली नाही. टिंगल करायला समोरचा विरोधी पक्षाचा असावा लागतो. 'गनस्प्लेनिंग' नावाचा शब्द अमेरिकी वादात रूढ झाला तो याच सवयीमुळे: आधी शब्द दुरुस्त करायचा, आणि शब्द चुकला म्हणून मुद्दा खोडला असं जाहीर करायचं. आणखी एक गंमत. मॅगझिन बदलायला वेळच लागत नाही हे दाखवायला बंदूकधारक जेरी मिक्युलेक या नेमबाजाचा 1999 चा विक्रम पुढे करतात: रिव्हॉल्व्हरने सहा गोळ्या, पुन्हा भरणं, पुन्हा सहा, सगळं 2.99 सेकंदांत. त्या विक्रमात काडतुसं ज्या चकतीत अडकवली होती तिला 'मून क्लिप' म्हणतात. एकदा तरी क्लिप हाच शब्द बरोबर होता.

आता कलमांत उतरलेल्या चुका. इथे हसणाऱ्यांची बाजू भक्कम आहे.

न्यूयॉर्कचे गव्हर्नर अँड्र्यू क्युओमो यांनी सँडी हूक शाळेतल्या हत्याकांडानंतर सुमारे महिन्याभराने, 15 जानेवारी 2013 ला, 'सेफ ॲक्ट'वर सही केली. विधेयक इतक्या घाईत मंजूर झालं की नेहमीची तीन दिवसांची मुदतही बाजूला ठेवली गेली. हरीण मारायला दहा गोळ्या लागत नाहीत, हे क्युओमोंचं वाक्य त्या दिवसांत गाजत होतं. कायद्याने मर्यादा सातवर आणली. घाईत पोलिसांना सूट द्यायचं राहून गेलं, म्हणजे कलम शब्दशः वाचलं तर कंबरेला सरकारी पिस्तूल लावलेला शिपाईच कायदा मोडत होता. दुसरी अडचण अशी की बहुतेक पिस्तुलांसाठी सात गोळ्यांचं मॅगझिन बनतच नव्हतं. मार्चमध्ये क्युओमो म्हणाले की सात गोळ्यांचं मॅगझिन अशी वस्तूच अस्तित्वात नाही. हेही चुकलं. 1911 हे कोल्टचं प्रसिद्ध पिस्तूल, अमेरिकी सैन्याने सत्तरेक वर्षं वापरलेलं, सातच गोळ्यांचं मॅगझिन घेऊन आलेलं. मग तडजोड निघाली: मॅगझिन दहाचं चालेल, पण भरायच्या सातच. याची तपासणी कशी करायची? दरोडेखोर आठवी गोळी भरण्याआधी कायदा आठवून थांबेल का? डिसेंबर 2013 मध्ये बफेलोचे संघीय न्यायाधीश विल्यम स्क्रेटनी यांनी बाकी कायद्याचा बराचसा भाग राखला, पण सात गोळ्यांचं कलम मनमानी ठरवून रद्द केलं. 2015 मध्ये अपील न्यायालयानेही तेच केलं. जी गोष्ट बंदूकवाले वर्ष-दोन वर्षं टिंगलीत सांगत होते ती न्यायालयाने गंभीर भाषेत सांगितली.

कोलोरॅडोची गोष्ट याहून गुंतागुंतीची. डिगेटबाईंची चित्रफीत फिरण्याच्या दोन आठवडे आधी तिथल्या राज्य कायद्याने पंधरा गोळ्यांची मर्यादा घातली होती. त्यात एक वाक्य होतं: जास्त गोळ्या मावतील असं सहज बदलता येण्याच्या रचनेचं मॅगझिनही बंद. हेतू स्वच्छ होता, पण मॅगझिनचा तळ साफसफाईसाठी निघतो हे कोणी विचारात घेतलं नव्हतं. तळ निघतो म्हटल्यावर तिथे मोठा तळ लावता येतो, आणि मग दहाचं मॅगझिनसुद्धा 'सहज बदलता येणारं' ठरतं. शेवटी राज्याच्या ॲटर्नी जनरलला या वाक्याचा मर्यादित अर्थ सांगणारं मार्गदर्शन काढावं लागलं. ईरी गावात मॅगझिन्स बनवणाऱ्या मॅगपुल कंपनीने राज्य सोडण्याची धमकी दिली आणि ती खरी केली. कारखाना वायोमिंगला, मुख्यालय टेक्ससला. जाण्याआधी, कायदा लागू होण्याच्या तोंडावर, कंपनीने जाहीर समारंभ करून तीस गोळ्यांची मॅगझिन्स वाटली. सप्टेंबरमध्ये सिनेटचे अध्यक्ष जॉन मोर्स आणि सिनेटर अँजेला जिरॉन यांना मतदारांनी परत बोलावलं. राज्याच्या इतिहासात आमदारांना असं काढून टाकण्याची ती पहिलीच वेळ. विनोदाला मतपेटीत इतकं वजन मिळाल्याची उदाहरणं थोडी असतील. मर्यादा मात्र टिकली. 2025 मध्ये कोलोरॅडोने आणखी एक कायदा केला. पेटी केवढी याऐवजी आता पेटी सुटी निघते की नाही यावर बोट ठेवलं आहे, आणि अशा बंदुकांपैकी बऱ्याचशा घेण्यासाठी 2026 पासून प्रशिक्षण आणि परीक्षेची अट घातली आहे.

डिगेटबाईंची चूक मला या दोन्हींहून जास्त अर्थपूर्ण वाटते, कारण ती नकळत या प्रकारच्या कायद्याच्या दुखऱ्या नसेवर पडली. 1994 च्या संघीय कायद्याने दहापेक्षा जास्त गोळ्यांची नवी मॅगझिन्स नागरिकांसाठी बंद केली. जुनी ठेवायला, विकायला परवानगी होती. परिणाम काय झाला? कायदा येण्याआधी कारखान्यांनी उत्पादन वाढवलं. परदेशांतून जुनी मॅगझिन्स लाखोंच्या संख्येने आयात झाली. 'बंदीपूर्व' असा शिक्का असलेल्या मालाला भाव आला. पिस्तूल बनवणाऱ्यांनी हिशेब केला की दहाच गोळ्या द्यायच्या तर पिस्तूल लहानच का करू नये, आणि खिशात मावणाऱ्या पिस्तुलांचा जमाना आला. कायद्याची मुदत 2004 मध्ये संपली. त्या सुमारास ख्रिस्तोफर कोपर यांनी न्याय खात्यासाठी केलेल्या अभ्यासात असं दिसलं की जुन्या मॅगझिन्सचा साठा एवढा मोठा होता की कायद्याचा परिणाम दिसायलाच वेळ मिळाला नाही. गोळ्या संपल्या, पेट्या उरल्या. डिगेटबाईंना पेटी आणि गोळी यांतला फरक माहीत असता तर जुन्या पेट्यांचं काय, या अवघड प्रश्नाला त्यांना खरं उत्तर शोधावं लागलं असतं. कॅलिफोर्नियाने 2016 मध्ये ते शोधलं: घरात ठेवणंच बेकायदा. न्यू जर्सीने 2018 मध्ये मर्यादा पंधरावरून दहावर आणताना मुदत घालून जुन्यांची विल्हेवाट लावायला सांगितलं. एडिसन-प्रिन्स्टन पट्ट्यात राहणाऱ्या आणि परवाना काढून रेंजवर जाणाऱ्या मराठी माणसालाही हा नियम लागू झालाच. यावर बंदूकधारकांचा जुना विनोद तयार होता: 'माझी सगळी मॅगझिन्स होडी उलटून तळ्यात बुडाली हो!' या विनोदात कोणाच्या अज्ञानाची थट्टा नाही. सरकारला घराघरांतली पेटी शोधता येणार नाही ही पक्की माहिती त्यात आहे.

आकड्यांची थट्टाही न्याय्य आहे. कॅलिफोर्नियात दहा, कोलोरॅडोत पंधरा, डेलावेअरमध्ये सतरा, इलिनॉयमध्ये रायफलीला दहा आणि पिस्तुलाला पंधरा. अकरावी गोळी लॉस एंजेलिसमध्ये गुन्हा आणि डेन्व्हरमध्ये नाही, याला शास्त्र नाही, सौदा आहे. कायद्यात रेघ कुठेतरी ओढावीच लागते हे मान्य. पण ती ओढणाऱ्याला ती तिथेच का ओढली हे सांगता आलं पाहिजे.

आता ज्यांच्यावर हसलं गेलं त्यांच्याकडे पाहू. कॅरोलिन मॅकार्थी राजकारणात आल्या त्या 7 डिसेंबर 1993 च्या संध्याकाळमुळे. लाँग आयलंडला जाणाऱ्या लोकल गाडीत एका माणसाने 9 मिमी पिस्तुलातून गोळीबार केला. मॅगझिन पंधरा गोळ्यांचं. एक संपलं, त्याने दुसरं लावलं. तेही संपलं, आणि तो तिसरं लावत असताना प्रवाशांनी त्याला दाबून धरलं. सहा माणसं मेली, एकोणीस जखमी झाली. मेलेल्यांत मॅकार्थींचा नवरा होता, जखमींत मुलगा. त्या परिचारिका होत्या, राजकारणाशी संबंध नव्हता. 1996 मध्ये त्यांच्या मतदारसंघाचे खासदार डॅन फ्रिसा यांनी 1994 ची बंदी रद्द करण्याच्या बाजूने मत दिलं, तेव्हा त्या फ्रिसांविरुद्ध उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या. बॅरल श्राउड त्यांना माहीत नव्हतं, आणि स्वतःच्या विधेयकातला शब्द माहीत नसणं ही खासदाराची चूकच. पण मॅगझिन बदलायला लागणाऱ्या सेकंदांबद्दल अमेरिकी संसदेत त्यांच्याइतकी जवळची माहिती फार थोड्यांना असेल.

ॲरिझोनातल्या टूसॉनमध्ये जानेवारी 2011 मध्ये खासदार गॅब्रिएल गिफर्ड्स यांच्यावर हल्ला झाला तो तेहतीस गोळ्यांच्या लांब मॅगझिनने. हल्लेखोर मॅगझिन बदलायला गेला आणि लोकांनी त्याला खाली पाडलं. एका महिलेने भरलेलं मॅगझिन त्याच्या हाती लागू दिलं नाही. गिफर्ड्स स्वतः ग्लॉक बाळगणाऱ्या. त्यांना क्लिप आणि मॅगझिनमधला फरक समजावून सांगायला कोणी गेलं असेल असं वाटत नाही. कोलोरॅडोच्या मर्यादेच्या पुरस्कर्त्या आमदार रोंडा फील्ड्स यांचा मुलगा 2005 मध्ये मारला गेला. एका खून खटल्यात तो साक्ष देणार होता. डी लिओन यांचं तर वेगळंच. त्यांचं ते हास्यास्पद भाषण घरी बनवलेल्या, क्रमांक नसलेल्या 'घोस्ट गन'बद्दल होतं. त्यांचं विधेयक गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी 2014 मध्ये नाकारलं. त्याच वर्षी बंदुकीचा सांगाडा घरी कोरून देणारं 'घोस्ट गनर' नावाचं यंत्र बाजारात आलं. दोन वर्षांनी ब्राउन यांनीच अशा बंदुकांना क्रमांक लावायला लावणाऱ्या विधेयकावर सही केली, आणि मार्च 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या बंदुकांवरचे संघीय नियम 7 विरुद्ध 2 मतांनी राखले. माणसाचं अंकगणित पार चुकलं होतं, येऊ घातलेली गोष्ट मात्र त्याने ओळखली होती.

उलट बाजूचे दाखलेही आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. 2007 मध्ये व्हर्जिनिया टेक विद्यापीठात बत्तीस माणसं मारणाऱ्याकडे दहा आणि पंधरा गोळ्यांचीच मॅगझिन्स होती, फक्त पुष्कळ होती. 2012 मध्ये ऑरोराच्या चित्रपटगृहात शंभर गोळ्यांचं ड्रम मॅगझिन अडकलं. मोठी पेटी नेहमी जास्त घातक असं सरळ समीकरण नाही.

तरी बंदूकधारकांच्या विनोदात एक भोक आहे, ते त्यांना क्वचित दिसतं. मिक्युलेकचा विक्रम दाखवून ते सांगतात की मॅगझिन बदलायला क्षणभर लागतो, म्हणून मर्यादेने काही साधत नाही. मग तेच सांगतात की रात्री घरात तीन चोर शिरले तर दहाचं मॅगझिन जीवघेणं ठरेल, कारण बदलायला वेळ मिळणार नाही. दोन्ही एकदम खरं कसं असेल? बंदीवाल्यांचंही तेच: दहा गोळ्या घरमालकाला पुरून उरतात म्हणतात, आणि निवृत्त पोलिसाला मात्र अनेक राज्यांत सूट देतात. विक्रमवीर नेमबाज आणि घाबरलेला माणूस यांचे हात सारखे चालत नाहीत, एवढं मान्य केलं तर वाद निदान खऱ्या प्रश्नावर येईल: थांबलेले ते चार-पाच सेकंद कोणाच्या कामी जास्त येतात.

हा वाद आता न्यायालयांत पोचला आहे आणि तिथे विनोदाने झगा घातला आहे. कॅलिफोर्नियाच्या बंदीविरुद्ध सॅन डिएगोचे न्यायाधीश रॉजर बेनिटेझ यांनी मार्च 2019 मध्ये निकाल दिला. स्थगिती येईपर्यंतच्या आठवड्याला बंदूकधारक आजही 'स्वातंत्र्य सप्ताह' म्हणतात. त्या दिवसांत राज्यात मॅगझिन्सचा नुसता पूर आला. प्रकरण वरखाली फिरत राहिलं. 20 मार्च 2025 ला नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांच्या पीठाने बंदी राखली. बहुमताचं म्हणणं असं की मोठं मॅगझिन घटनेच्या अर्थाने 'शस्त्र' नाही, ती जोडवस्तू. तिच्याशिवाय बंदूक चालतेच. आपल्या 1959 च्या शस्त्र कायद्यात शस्त्राच्या व्याख्येत शस्त्राचे भागही येतात, त्यामुळे पंचनाम्यात 'एक पिस्तूल, एक मॅगझिन, तीन जिवंत काडतुसं' असं वेगवेगळं लिहिलं गेलं तरी असा वाद आपल्याकडे उभाच राहत नाही.

विरोधी मत देणाऱ्या न्यायाधीश लॉरेन्स व्हॅनडाइक यांनी लेखी निकालाला एक चित्रफीत जोडली. स्वतःच्या दालनात बसून त्यांनी पिस्तुलं हाताळली, सुटे भाग काढून-लावून दाखवले आणि सांगितलं की बंदुकीचा जवळपास कुठलाही भाग बदलून दुसरा चांगला लावता येतो. तेवढ्यावरून तो भाग 'जोडवस्तू' ठरवला तर बंदुकीचं काहीच उरणार नाही. सहकाऱ्यांना बंदूक कशी चालते हे ठाऊक नाही, असा त्या चित्रफितीचा रोख होता. बंदूकधारकांनी ती डोक्यावर घेतली. त्यांच्याच न्यायालयाच्या न्यायाधीश मार्शा बर्झन यांनी वेगळं मत लिहून आक्षेप घेतला: न्यायाधीशाने नोंदीबाहेरचा पुरावा आणून स्वतःच तज्ज्ञ साक्षीदार बनणं नियमात बसत नाही. मला दोघांचंही म्हणणं पटतं, आणि हे जरा अडचणीचं आहे. व्हॅनडाइक यंत्राबद्दल जे सांगतात ते बरोबर आहे. ते त्यांनी निकालात सांगायचं का, हे बर्झन यांनी विचारलेलं योग्य आहे. निकाल 7 विरुद्ध 4 असा लागला आणि कॅलिफोर्नियात मर्यादा दहाचीच राहिली.